बाबांच्या प्रश्नाचं उत्तर

तीर्थरूप आई-बाबा,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, परवा तुम्ही विचारलंत, "दिवसभर मोबाईल तुझ्या हातातच असतो, मग आमचा फोन उचलायला रात्र का होते?" मी "काम होतं" म्हणून विषय संपवला. नंतर फार चुटपूट लागली, म्हणून आज नीट लिहितेय.

सकाळी लॅपटॉप उघडला की आधी सोशल मीडियावरच्या आमच्या जाहिरातींचे कालचे आकडे. तुम्ही जन्मभर खतावणी सांभाळलीत, तुम्हाला हे पटकन कळेल. एकाच माणसाला आमची जाहिरात तीनदा दिसली, तर रीच, म्हणजे किती माणसांना दिसली, १ आणि इम्प्रेशन्स, म्हणजे किती वेळा दिसली, ३. क्लायंटला मोठा आकडा ऐकायला आवडतो, पण मी दोन्ही वेगवेगळे लिहून देते. हिशेबात गोलमाल नको, हे तुमचंच आलंय माझ्यात. मग एकाच जाहिरातीचे दोन मथळे करायचे, वेगवेगळ्या लोकांना दाखवायचे आणि ज्यावर जास्त क्लिक येतात तो ठेवायचा. दुपारभर कमेंट्स. कुणाची वस्तू फुटलेली निघते, कुणाला ती मिळालेलीच नसते. ती माणसं खरोखर वैतागलेली असतात. त्यांना साचेबंद उत्तर चिकटवणं मला जमत नाही.

आणि आई, तू एकदा एका साइटवर खुर्ची बघितलीस आणि ती आठवडाभर जिथे तिथे दिसत राहिली, त्याचंही सांगते. तुझा फोन बिघडलेला नाही. अशा साइटवर बहुतेक वेळा पिक्सेल नावाचा कोडचा छोटा तुकडा असतो. कोण येऊन काय बघून गेलं, ते तो जाहिरात दाखवणाऱ्यांना कळवतो. असे तुकडे मीही लावते.

खरी अडचण पुढे आहे. कामाचं हत्यार आणि वेळ खाणारी गोष्ट, दोन्ही एकच. पूर्वी पान संपायचं, पुढचं पान उघडायला क्लिक करावं लागायचं. तेवढ्यात माणूस भानावर यायचा. आता खाली सरकवत राहिलं की पुढचं येतच राहतं. २००६ साली ही रचना करणारे एझा रास्किन यांनी पुढे तिच्याबद्दल जाहीर खंत व्यक्त केली. मी रिपोर्टसाठी अ‍ॅप उघडते आणि पाऊण तासानं वर बघते.

वर्षाच्या सुरुवातीला मी ठरवलं होतं, रोज एक पेन्सिल स्केच करायचं. कॉलेजात सुटलेली चित्रकला पुन्हा धरायची. पहिले काही दिवस छान गेले. मग एका म्हाताऱ्या हाताचं चित्र टाकलं, त्याला बाकीच्यांपेक्षा कितीतरी जास्त लाइक्स आले. त्यानंतर चार महिने मी फक्त हात काढले, बाबा! झाडं नाहीत, चेहरे नाहीत. २०२१ पासून इन्स्टाग्रामवर लाइक्सचा आकडा लपवता येतो. तेही करून पाहिलं. पण आपल्या पोस्टवरचे लाइक्स आपल्याला दिसतातच, आणि मी बघायचेच.

मग आई, तो व्हिडिओ कॉल. तू मोतीबिंदूबद्दल डॉक्टर काय म्हणाले ते सांगत होतीस. नुकत्याच सुरू केलेल्या जाहिरातीचे आकडे माझ्या दुसऱ्या स्क्रीनवर हलत होते. मी "हो, हो" म्हणत होते. तू मधेच थांबलीस, चष्मा काढलास, पदरानं पुसलास आणि म्हणालीस, "बरं, तू काम कर." आवाजात राग नव्हता. तेच मला अजून टोचतंय.

त्या रात्री एक साधी वही काढली, १०० पानांची. तिच्यातल्या एकाही चित्राचा फोटो काढलेला नाही. ३७ पानं भरली आहेत, त्यातली बरीच फसलेली. एका पानावर तुमची आरामखुर्ची आहे, आठवून काढलेली; डावा हात नीट जमला नाही, समोर बसून पुन्हा काढायची आहे. संध्याकाळी सातनंतर कामाच्या अ‍ॅपच्या सूचना बंद असतात. तातडीचं असेल तर फोन करा, असं ऑफिसात सांगितलंय. आजवर एकदाच आला.

आई, त्या दिवशीचं तू पहिल्यापासून पुन्हा सांग. ऑपरेशन आधी कोणत्या डोळ्याचं? तारीख दिली का? कळली की लगेच सांग, म्हणजे मला रजा टाकता येईल. थेंब वेळच्या वेळी घालायला मी असेन. येताना वही आणतेय. पट्टी निघाली की आधी तू बघायचीस.

तुमची,
मुलगी