गणित की एसपी? खूण करण्याआधी मुलांना सांगा

संपादक महोदय,

अकरावी कॉमर्सचा प्रवेश पक्का झाला की बऱ्याच कनिष्ठ महाविद्यालयांत विषयांचा अर्ज भरून घेतात. गणित किंवा एसपी, म्हणजे चिटणिसाची कार्यपद्धती, यांपैकी एकावर खूण करायची. रांगेतले पालक, मित्रमैत्रिणी, सगळ्यांचा सल्ला एकच: ‘एसपी घे, टक्के वाढतात.’ झाला निर्णय.

ठाण्यात अनेक वर्षे मी अकरावी-बारावीला गणित शिकवले. एसपीला मी कमी लेखत नाही. कंपनी सेक्रेटरी व्हायचे असेल तर तो विषय उपयोगाचाच आहे. पण गणित सोडले की पुढे काय काय बंद होते, हे त्या रांगेत कोणीच सांगत नाही.

आमच्या नौपाड्यातल्या इमारतीतली, एसपी घेतलेली एक मुलगी बारावीत अर्थशास्त्रात अगदी रमली. दिल्ली विद्यापीठात इकॉनॉमिक्स ऑनर्स करायचे तिने ठरवले होते. माझ्यासमोर बसून पात्रतेचे पान वाचता वाचता ती थांबली. तिथे गणित सक्तीचे आहे. ‘काकू, इकॉनॉमिक्सला गणित कशाला?’ एवढेच विचारले तिने. शिवाय तिथली गुणवत्ता यादी 2022पासून सीयूईटी या सामायिक प्रवेश परीक्षेच्या गुणांवर लागते. म्हणजे ज्या टक्क्यांसाठी गणित सोडले, त्यांचा तिथे फारसा उपयोगच नाही. कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत बी.स्टॅट. या संख्याशास्त्राच्या पदवीसाठीही बारावीला गणित लागते. सीएला तशी अट नाही, पण फाउंडेशनचा, म्हणजे सीएच्या पहिल्या परीक्षेचा, तिसरा पेपर गणित, तर्क आणि संख्याशास्त्राचाच असतो. दोन वर्षे गणिताला हात न लावलेली मुले तिथे चाचपडतात.

‘तुरळक विषय’ म्हणून नंतर फक्त गणिताची बोर्डाची परीक्षा देता येते. या मुलीला तो मार्ग मी सांगितला आहे, पण त्यात वर्ष जाते आणि घरचे कुरकुरतात.

माझी शिक्षण विभागाला विनंती आहे की विषय निवडीच्या अर्जावरच, खूण करायच्या चौकोनाखाली, गणिताशिवाय कुठे प्रवेश मिळत नाही हे मराठीत ठळक छापावे. आणि गणित घेणारी मुले थोडी आहेत म्हणून महाविद्यालयांनी ती तुकडी बंद करू नये. ठाण्यातल्या कोणत्याही शाळेने दहावीच्या पालकसभेला बोलावले, तर हे समजावून सांगायला मी विनामोबदला येईन.

– एक निवृत्त गणित शिक्षिका, नौपाडा, ठाणे