कोलिस्टिन हातचं जाण्याआधी: उच्च व तंत्रशिक्षण मंत्र्यांना खानदेशातून खुलं पत्र

प्रति,
मा. मंत्री महोदय,
उच्च व तंत्रशिक्षण विभाग, महाराष्ट्र राज्य
(प्रत: मा. मंत्री, वैद्यकीय शिक्षण विभाग)

महोदय,

मी जळगाव जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवते आणि पेशीपटलांवर, म्हणजे पेशीभोवतीच्या पातळ आवरणांवर, संशोधन करते. आपला वेळ मोलाचा आहे, म्हणून मागणी आधीच सांगते. जळगावच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठात पेशीपटलांच्या जैवभौतिकीसाठी एक सामाईक प्रयोगशाळा उभी करावी आणि तिला कायम तंत्रज्ञ व अखंड वीज द्यावी. धुळे, जळगाव आणि नंदुरबारच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत रुग्णांच्या नमुन्यांतून जे जिवाणू वेगळे केले जातात, ते या प्रयोगशाळेत अभ्यासासाठी येऊ शकतील असा रस्ता दोन्ही विभागांनी मिळून मोकळा करावा. यातलं दुसरं काम पहिल्याहून महत्त्वाचं आहे, आणि त्याला पैसा जवळजवळ लागत नाही.

हे का मागते आहे, ते कोलिस्टिनवरून सांगते.

अतिदक्षता विभागातल्या रुग्णाला कुठलंच अँटिबायोटिक लागू पडेनासं झालं की डॉक्टर कोलिस्टिनकडे वळतात. हे औषध १९४० च्या दशकाअखेर जपानमध्ये मातीतल्या एका जिवाणूपासून मिळालं. मूत्रपिंडाला त्रास होतो म्हणून मधली काही दशकं ते बाजूला पडलं होतं. पुढे बाकीची औषधं निकामी होत गेली तसं ते पुन्हा बाहेर काढावं लागलं. रासायनिकदृष्ट्या ते एक लहानसं पेप्टाइड आहे, म्हणजे प्रथिनाचाच छोटा तुकडा, आणि त्याच्यावर धन विद्युतभार असतो. ई. कोलाय, क्लेब्सिएला, अ‍ॅसिनेटोबॅक्टर यांसारख्या जिवाणूंच्या बाहेरच्या पटलावर ऋण भार असतो. त्या पटलातले ऋण भाराचे रेणू खरं तर एकमेकांना दूर ढकलतील, पण कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे आयन मध्ये राहून त्यांना धरून ठेवतात, गोधडीतल्या चिंध्यांना टाके धरून ठेवतात तसे. कोलिस्टिन येतं आणि त्या आयनांना हुसकावून त्यांच्या जागी बसतं. टाके उसवले की पटल ढिलं पडतं, आतलं पटलही फाटतं आणि जिवाणू मरतो.

यात भौतिकशास्त्र किती आणि औषधशास्त्र किती, हे पाहण्यासारखं आहे. २०१५ साली चीनमधल्या संशोधकांना डुकरांमध्ये, मांसात आणि रुग्णांमध्ये एमसीआर-१ नावाचं जनुक सापडलं. हे जनुक काय करतं? जिवाणूच्या बाहेरच्या पटलातल्या रेणूवर एक छोटा रासायनिक गट चिकटवतं आणि तिथला ऋण भार कमी करतं. एवढंच. भार कमी झाला की कोलिस्टिनला धरायला जागा उरत नाही. शिवाय हे जनुक प्लास्मिडवर, म्हणजे जिवाणूतल्या डीएनएच्या एका सुट्या छोट्या कड्यावर असतं, त्यामुळे ते एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे सहज जातं. स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जिवाणू वेगळ्या वाटेने तिथेच पोचतो: तो आपल्या पटलातल्या लिपिडवर, म्हणजे पटल ज्या स्निग्ध रेणूंचं बनतं त्यावर, लायसिन हे धन भाराचं अमिनो आम्ल बसवतो आणि पेप्टाइडांना लांब ठेवतो. हा भार मोजता येतो. झीटा पोटेन्शियल मोजणारं यंत्र त्यासाठी लागतं. फार्मसी महाविद्यालयं तसली यंत्रं नॅनोकणांच्या कामासाठी घेतात.

कोलिस्टिन कोंबड्यांच्या खाद्यातून वाढीसाठी दिलं जायचं. केंद्र सरकारने जुलै २०१९ मध्ये अन्नासाठी पाळल्या जाणाऱ्या प्राण्यांत आणि पोल्ट्रीत त्याच्या वापरावर बंदी घातली, हे फार चांगलं झालं. कोंबड्यांच्या आजाराचा माणसाशी काय संबंध, हे आमच्याकडे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. देशातला पहिला बर्ड फ्लू २००६ च्या फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरच्या पोल्ट्रीत सापडला होता. पण बंदी घातल्यावर जिवाणूंमधला प्रतिकार खरंच कमी झाला का, हे बघायला कुणाला तरी जिवाणू गोळा करून त्यांचा प्रतिकार मोजावा लागतो. ते मोजणारी जागा खानदेशात हवी.

आता मोजण्याबद्दलच. लहान प्रयोगशाळांत अँटिबायोटिकची चाचणी बहुतेक वेळा चकतीने होते: जिवाणू पसरलेल्या अगारवर, म्हणजे जिवाणू वाढवायच्या जेलीवर, औषधाच्या चकत्या ठेवायच्या आणि भोवतीचं रिकामं वर्तुळ मोजायचं. कोलिस्टिनच्या बाबतीत ही पद्धत चालत नाही, कारण त्याचा रेणू अगारमध्ये नीट पसरत नाही. त्यासाठी द्रव माध्यमात औषधाचं प्रमाण पायरीपायरीने कमी करत चाचणी घ्यावी लागते. अमेरिकेतल्या सीएलएसआय या मानक संस्थेने तर २०२० पासून कोलिस्टिनसाठी ‘संवेदनशील’ हा वर्गच काढून टाकला. अहवालात आता ‘मध्यम’ किंवा ‘प्रतिरोधक’ एवढंच येतं. वॉर्डाबाहेरच्या बाकावर नातेवाईक अहिराणीत म्हणतात, ‘औषध लागू नही पडी राह्यनं.’ त्या वाक्याचं उत्तर अहवालातल्या एका शब्दावर टांगलेलं असतं. तो शब्द खात्रीचा असायला हवा.

औषधांना न जुमानणाऱ्या जिवाणूंमुळे २०१९ या एका वर्षात जगात सुमारे १२.७ लाख माणसं थेट दगावली, असा अंदाज २०२२ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. नवी औषधं हवीत हे सगळेच म्हणतात. त्यांतली काही पेप्टाइडांतूनच येऊ शकतात, कारण निसर्ग हे हत्यार फार आधीपासून वापरतो आहे. आपल्या पांढऱ्या पेशींत डिफेन्सिन नावाची जिवाणूनाशक पेप्टाइडं असतात. आपल्या त्वचेत एलएल-३७ नावाचं ३७ अमिनो आम्लांचं पेप्टाइड असतं. १९८७ साली मायकेल झॅस्लॉफ या अमेरिकी संशोधकाने आफ्रिकी बेडकाच्या त्वचेतून मॅगेनिन हे पेप्टाइड वेगळं केलं आणि जगभर आशा पल्लवित झाली. मॅगेनिनवरून बनवलेलं पेक्सिगानन हे औषध मधुमेही पायाच्या जखमांसाठी पुढे आणलं गेलं. १९९९ साली अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने ते नाकारलं, कारण ते आधीच्या औषधांपेक्षा सरस ठरलं नाही.

हे अपयश मी मुद्दाम सांगते आहे. पेप्टाइड जिवाणूला मारतं एवढं पुरत नाही. त्याने माणसाच्या पेशीला सोडून द्यायला हवं. मधमाशीच्या विषातलं मेलिटिन जिवाणूही फोडतं आणि आपल्या तांबड्या पेशीही फोडतं. आपल्या पेशीपटलाचा बाहेरचा थर जवळजवळ भाररहित असतो आणि त्यात कोलेस्टेरॉल असतं. जिवाणूच्या पटलात कोलेस्टेरॉल नसतं आणि ऋण भार भरपूर असतो. या फरकाच्या आधारानेच औषध घडवायचं आहे. पेप्टाइड पटलात उभं शिरून नळी करतं, लिपिडांना वाकवून छिद्र पाडतं, की पृष्ठभागावर पसरून पटलाचे तुकडे करतं, हे एकेका पेप्टाइडसाठी शोधावं लागतं. जेमतेम ५ नॅनोमीटर जाडीच्या त्या थराचं वागणं समजलं नाही, तर उरतात नुसते अंदाज.

आमच्या प्रयोगशाळेतलं रोजचं काम आपल्या डोळ्यांसमोर यावं म्हणून थोडं सविस्तर लिहिते. लिपिड क्लोरोफॉर्ममध्ये विरघळवून गोल फ्लास्कमध्ये फिरवत सुकवलं की काचेवर पातळ साय धरते. त्यात कॅल्सीन या रंगाचं दाट द्रावण घालून हलवलं, १०० नॅनोमीटर छिद्रांच्या गाळणीतून पुन्हा पुन्हा दाबून काढलं, की लिपिडाच्या पोकळ पिशव्या तयार होतात. बाहेर राहिलेला रंग स्तंभातून वेगळा करायचा. आत कोंडलेला रंग इतका दाट असतो की तो चमकत नाही, नारिंगीच दिसतो. मग चमक मोजायच्या यंत्रातल्या छोट्या पारदर्शक भांड्यात, क्युव्हेटमध्ये, पेप्टाइडचा थेंब टाकायचा. पटलाला छिद्रं पडली की रंग बाहेर येतो, पातळ होतो आणि हिरवा चमकायला लागतो. पडद्यावरची रेघ चढायला लागते. ती किती वेगाने चढली आणि कुठे थांबली, यावरून पेप्टाइडचं काम कळतं. शेवटी ट्रायटन हे साबणासारखं रसायन घालून सगळ्या पिशव्या फोडायच्या आणि ती चमक शंभर टक्के धरायची. एमएस्सीच्या मुली ती रेघ पहिल्यांदा चढताना पाहतात तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जे दिसतं, त्यासाठी मी हा व्यवसाय धरला.

आता अडचण. डीपीपीसी हे आमच्या कामातलं नेहमीचं लिपिड साधारण ४१ अंश सेल्सिअसला घट्ट अवस्थेतून सैल अवस्थेत जातं. त्या तापमानाच्या अलीकडे पलीकडे त्याचं पटल पूर्णपणे वेगळं वागतं. मे महिन्यात भुसावळ-जळगावचा पारा ४५ च्या वर जातो. वीज गेली, एसी बंद पडला, की खोलीचं तापमानच आमचं पटल वितळवायला पुरतं आणि दिवसभराचं काम टाकून द्यावं लागतं. उणे वीस अंशांत ठेवायची लिपिडं फ्रीझर बंद पडला की खराब होतात, आणि नवी मागवली की महिने जातात. पुण्यातल्या प्रयोगशाळेत जे गृहीत धरलेलं असतं, ते आम्हाला मागावं लागतं. म्हणून ‘अखंड वीज’ हा शब्द मी मागणीत पहिल्याच परिच्छेदात घातला.

पेप्टाइड पटलाला चिकटल्यावर मळसूत्री आकार घेतं का, हे पाहायला सीडी स्पेक्ट्रोमीटर लागतो; पटल कुठल्या तापमानाला वितळतं हे पाहायला संवेदनशील उष्मामापी. आमचे विद्यार्थी नमुने बर्फाच्या थर्माकोलच्या खोक्यात घेऊन रात्रीच्या गाडीने मुंबई-पुण्याला जातात. यंत्रावर वेळ मिळते ती तासांत मोजलेली. पिशव्या ताज्या असाव्या लागतात. प्रवासात त्या एकमेकींत मिसळतात आणि आकार बदलतो. घरून एकटीला पाठवायला तयार नसतात म्हणून काही हुशार मुली हा विषयच सोडतात. त्यांना मी थांबवू शकत नाही, आणि याचं मला मनापासून दुःख होतं.

ज्यांच्याकडून शिकावं असे लोक देशात आहेत. हैदराबादच्या सीसीएमबी या पेशी व रेणवीय जीवशास्त्राच्या संशोधन केंद्रात या पेप्टाइडांवर अनेक वर्षं काम झालं. मुंबईच्या राष्ट्रीय प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेने जिवाणूनाशक पेप्टाइडांचा ‘कॅम्प’ नावाचा माहितीसंच तयार केला, तो जगभर वापरला जातो. केरळातल्या बेडकाच्या त्वचेतून तिरुअनंतपुरमच्या राजीव गांधी जैवतंत्रज्ञान केंद्राने अमेरिकी सहकाऱ्यांसोबत उरुमिन शोधलं. ते फ्लूच्या काही विषाणूंना मारतं, असं २०१७ साली प्रसिद्ध झालं. सातपुड्याच्या जंगलातल्या बेडकांचा आणि मधमाशांचाही असा अभ्यास आमच्याच मुलांनी करावा, जैवविविधता कायद्याचे नियम पाळून करावा, असं मला फार वाटतं.

अशी प्रयोगशाळा एकाच कामाची राहणार नाही. धडगाव-अक्कलकुव्याच्या आदिवासी पाड्यांत सिकल सेल आहे, मलेरियाही आहे. मलेरियाचा परजीवी तांबड्या पेशीत शिरला की तिचं पटल ताठर करतो आणि त्यावर गाठी उठवतो. सिकल सेलमध्ये पटल वेगळ्या कारणाने बिघडतं. पटलाची लवचीकता मोजण्याचं तंत्र हाताशी असेल, तर हे प्रश्नही इथेच, रुग्णांच्या जवळ अभ्यासता येतील.

आता त्या रस्त्याबद्दल, ज्याला पैसा लागत नाही. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाला जोडलेली आहेत आणि वैद्यकीय शिक्षण विभागाकडे येतात. आमची महाविद्यालयं जळगावच्या विद्यापीठाला जोडलेली आणि आपल्या विभागाकडे. जिवाणू एका इमारतीत आणि तो अभ्यासणारी मुलं काही मैलांवर दुसऱ्या इमारतीत, पण मधे दोन विद्यापीठं आणि दोन मंत्रालयीन विभाग. रुग्णाचं नाव-गाव काढून टाकलेले जिवाणू, नैतिकता समितीची मान्यता, जैवसुरक्षेच्या दुसऱ्या पातळीची खोली, नोंदवही आणि वापरून झाल्यावर नष्ट करण्याची पद्धत: एवढं लिहिलेला एक करार पुरे. आज तो नसल्यामुळे आम्ही बाजारातून विकत घेतलेल्या जुन्या, प्रमाणित जिवाणूंवर काम करतो. रुग्णालयात माणसं मारणारा जिवाणू त्यांच्याहून वेगळा असतो.

आणखी एक. यंत्रखरेदीला निधी कधी ना कधी मिळतो, पण चालवणारा माणूस आणि देखभालीचा करार मिळत नाही. तासिका तत्त्वावरच्या माणसाला उष्मामापी सांभाळायला देता येत नाही. तो शिकतो तोवर त्याचं सत्र संपतं. किमान दोन कायम तांत्रिक पदं आणि पाच वर्षांचा देखभाल निधी खरेदीच्या आदेशातच असावा. यंत्र एक कमी घेतलं तरी चालेल, पदं कमी करू नयेत. संशोधक विद्यार्थ्यांची शिष्यवृत्ती दरमहा त्यांच्या खात्यावर जमा व्हावी. केळीच्या बागेत मजुरी करणाऱ्या आईबापांची मुलं संशोधनाला येतात. त्यांना थकलेल्या शिष्यवृत्तीवर महिनोन्महिने काढता येत नाहीत.

आपण दोन्ही विभागांच्या सचिवांची आणि दोन्ही विद्यापीठांच्या कुलगुरूंची एक संयुक्त बैठक बोलवावी, ही विनंती. यंत्रांची यादी, जागेचा आराखडा आणि जिवाणूंच्या देवाणघेवाणीच्या कराराचा मसुदा घेऊन मी आणि माझे सहकारी येऊ. मंत्रालयात बोलावलंत तर मंत्रालयात, आणि आपला दौरा इकडे असेल तर धुळ्याला किंवा जळगावला.

आपली,
पदार्थविज्ञानाची एक प्राध्यापिका,
जळगाव जिल्हा