चिप रॉय साहेब, त्या 5 ट्रिलियनचं काय झालं?

माननीय काँग्रेसमन चिप रॉय यांस,

सप्रेम नमस्कार.

मी टेक्सासच्या 21व्या मतदारसंघातला, म्हणजे तुमचाच मतदार. सॅन अँटोनियोच्या उत्तरेकडे राहतो. सरकारने आपल्या ऐपतीत राहावं, पुढच्या पिढीच्या नावावर उधारी करू नये, असं मनापासून मानणाऱ्यांपैकी मी एक आहे आणि त्याच कारणासाठी तुम्हाला मत देत आलो.

पत्र मराठीत लिहितो आहे, कारण इथल्या मराठी घरांमध्ये तुमच्याविषयी चर्चा होते ती मराठीतच. "रॉय ना? कर्जाच्या बाबतीत एकदम कडक माणूस," इथे ती संपते. हे मत आता बदलायला हवं असं मला वाटतं. ते का, हे तुमच्याइतकंच माझ्या या मंडळींनाही कळायला हवं.

तुमची ओळख कशामुळे झाली ते मला चांगलं आठवतं. 24 मे 2019, शुक्रवार. मेमोरियल डेच्या सुट्टीसाठी बहुतेक सदस्य घरी गेलेले. आदल्या दिवशी सिनेटने 85 विरुद्ध 8 मतांनी 19.1 अब्ज डॉलरचं आपत्ती मदत विधेयक मंजूर केलं होतं आणि हाऊसमध्ये, म्हणजे तुमच्या प्रतिनिधी सभागृहात, ते एकमताने, विनामतदान संमत व्हायचं होतं. तुम्ही उभे राहिलात आणि हरकत घेतलीत. एकाने हरकत घेतली की एकमत संपलं, विधेयक थांबलं. खर्चाची तरतूद कुठून करणार ते सांगा, एवढ्या मोठ्या रकमेवर रिकाम्या सभागृहात शिक्का मारू नका, असा तुमचा मुद्दा होता. सीमेसाठी पैसे नाहीत ही तक्रारही होती. फ्लोरिडापासून पोर्तो रिकोपर्यंत वादळाने घरं गेलेली माणसं मदतीची वाट बघत होती, त्यामुळे तुमच्यावर टीका खूप झाली. जूनच्या सुरुवातीला विधेयक मोठ्या बहुमताने मंजूर झालंच. तरीही मी तेव्हा तुमच्या बाजूने बोललो होतो. पाच महिन्यांपूर्वी सभागृहात आलेला नवा सदस्य सगळ्यांची नाराजी ओढवून घेऊन हिशेब मागतो, याचं मला मोल वाटलं.

2023 मध्येही तुम्ही तसेच वागलात. हाऊसचे तेव्हाचे सभापती मॅकार्थी आणि राष्ट्राध्यक्ष बायडेन यांच्यात कर्जमर्यादेचा, म्हणजे सरकार किती कर्ज घेऊ शकतं त्या मर्यादेचा, समझोता झाला. त्यातून दहा वर्षांत तूट साधारण 1.5 ट्रिलियन डॉलरने कमी होईल असा काँग्रेशनल बजेट ऑफिसचा, म्हणजे सीबीओचा, अंदाज होता. तुम्हाला ते फार तोकडं वाटलं. विधेयक सभागृहात कसं येणार ते ठरवणाऱ्या रूल्स समितीत विरोध केलात, सभागृहातही विरोधात मत दिलंत. तूट घटवणारं विधेयक, पण पुरेशी घटवत नाही म्हणून नकार. मान्य. मापदंड कडक असावा.

मग 19 डिसेंबर 2024 ची रात्र. सरकार बंद पडायला एक दिवस उरलेला. पंधराशे पानांचं विधेयक फेकून देऊन 116 पानांचं नवं आणलं गेलं आणि त्यात कर्जमर्यादा दोन वर्षांसाठी उठवण्याचं कलम घातलं गेलं. निवडून आलेले पण अजून शपथ न घेतलेले राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांना ते हवं होतं. तुमच्याविरुद्ध प्रायमरीत, म्हणजे पक्षांतर्गत निवडणुकीत, उमेदवार उभा करा, असं त्यांनी त्याच दिवशी जाहीरपणे म्हटलं होतं. तरी तुम्ही सभागृहात उभे राहून स्वतःच्याच पक्षाच्या बाकांकडे बघत बोललात: पानं कमी केली म्हणून स्वतःची पाठ थोपटून घ्यायची आणि कर्ज 5 ट्रिलियनने वाढवायचं, हा मूर्खपणा आहे. 38 रिपब्लिकन सदस्यांनी विरोधात मत दिलं, त्यात तुम्ही होतात. विधेयक 174 विरुद्ध 235 असं पडलं. त्या भाषणाची क्लिप माझ्याकडे वेगवेगळ्या ग्रुपवरून आली. पक्ष न बघता बोलणारा माणूस आपला प्रतिनिधी आहे, याचा अभिमान वाटला.

त्यानंतर सात महिनेही झाले नव्हते. 3 जुलै 2025 रोजी तुम्ही ट्रम्प यांच्या ज्या कर आणि खर्चाच्या 'वन बिग ब्युटिफुल बिल'च्या बाजूने मत दिलंत, त्यात कर्जमर्यादा नेमकी 5 ट्रिलियन डॉलरने वाढवली आहे. 36.1 वरून 41.1 ट्रिलियन. डिसेंबरात जो आकडा तुम्ही स्वतःच्या तोंडाने मूर्खपणाचा म्हणून सांगितलात, तोच आकडा. फरक एवढाच की तेव्हा तो अंदाज होता आणि आता कायद्यात छापलेला आहे.

हे एकाएकी, घाईत, नकळत झालं असतं तर मी एवढं लांब पत्र लिहिलं नसतं. पण तुम्हाला सगळं माहीत होतं. मे महिन्यातले ते सहा दिवसच बघा.

शुक्रवार, 16 मे. बजेट समितीत विधेयक मतदानाला आलं. अध्यक्ष जोडी आर्रिंग्टन, तेही टेक्सासचेच. तुम्ही तिथे नीट समजावून सांगितलंत की करसवलती आधी लागू होतात, काटकसर मागाहून येते, आणि त्यामुळे पहिल्या वर्षांत तूट वाढणार. माझ्या मते त्या विधेयकावर कुणीही केलेली ती सर्वांत नेमकी टीका होती. पुढची काँग्रेस त्या मागाहून येणाऱ्या कपाती ठेवेलच याची खात्री कोण देणार? तुम्ही आणि तुमच्यासारखे आणखी काहीजण विरोधात गेलात आणि विधेयक 16 विरुद्ध 21 मतांनी अडलं. त्याच संध्याकाळी मूडीज या पतमानांकन संस्थेने अमेरिकेचं पतमानांकन एक पायरी खाली आणलं. 'ट्रिपल ए' ही सर्वोच्च श्रेणी गेली. कारण दिलं ते वाढतं कर्ज आणि वाढतं व्याज. सकाळी तुम्ही जे बोललात त्यावर संध्याकाळी बाजाराने शिक्कामोर्तब केल्यासारखं झालं.

रविवार, 18 मे, रात्री उशिरा समिती पुन्हा बसली. या वेळी तुमच्यासह चौघांनी 'उपस्थित' अशी नोंद केली, विरोध केला नाही, आणि विधेयक 17 विरुद्ध 16 असं पुढे सरकलं. गुरुवार, 22 मे, पहाट संपता संपता हाऊसमध्ये मतदान झालं: 215 विरुद्ध 214.

हा आकडा मी माझ्या मराठी मित्रांना मुद्दाम पुन्हा सांगतो. 215 विरुद्ध 214. बाजूच्या 215 पैकी कोणाही एकाने मत फिरवलं असतं तर विधेयक तिथेच पडलं असतं. त्या 215 मध्ये तुम्ही होतात. 2019 मध्ये तुमच्या एकट्याच्या हरकतीने विधेयक केवळ काही दिवस लांबलं. या वेळी तुमच्या एकट्याच्या मताने ते पडलं असतं. थॉमस मॅसी आणि वॉरन डेव्हिडसन या तुमच्याच पक्षाच्या दोघांनी विरोधात मत दिलंच ना?

सीबीओने हाऊसच्या त्या मसुद्याचा दहा वर्षांचा परिणाम काढला: तुटीत सुमारे 2.4 ट्रिलियनची भर. सिनेटमधून परत आला तो मसुदा आणखी वाईट होता, सुमारे 3.4 ट्रिलियन. व्याज धरलं तर चारच्या वर. करसवलती आणि कपाती एकमेकींना बांधून ठेवायच्या, हे हाऊसच्या अर्थसंकल्पी ठरावात तुम्ही लोकांनीच भांडून घालून घेतलं होतं. सिनेटने ती गाठ सोडली. तुम्ही ज्या फ्रीडम कॉकसचे, म्हणजे हाऊसमधल्या कडव्या रिपब्लिकन सदस्यांच्या गटाचे, धोरणप्रमुख होतात, त्या गटानेही सिनेटच्या मसुद्याने तूट वाढते असं जाहीरपणे सांगितलं. 2 जुलैला पहाटे रूल्स समितीत तुम्ही आणि राल्फ नॉर्मन यांनी विरोधात मत दिलंत. आणि 3 जुलैला सभागृहात बाजूने. 218 विरुद्ध 214.

या दोन तारखांच्या मध्ये विधेयकातलं एक अक्षरही बदललं नव्हतं. बदललं असतं तर ते सिनेटकडे परत गेलं असतं. मग त्या रात्रीत नेमकं काय मिळालं? प्रशासन काही गोष्टींची अंमलबजावणी कडक करेल, पवन आणि सौर ऊर्जेच्या सवलतींचे नियम आवळेल, अशी आश्वासनं मिळाली. साहेब, कायद्यातलं कर्ज पक्कं आणि काटकसर मात्र तोंडी, हा व्यवहार तुम्ही दुसऱ्या कोणाला करू दिला असतात का?

तुमची बाजूही मला ठाऊक आहे. विधेयक पडलं असतं तर 2017 च्या करसवलती 2025 अखेर संपल्या असत्या आणि माझ्यासारख्याचाही कर वाढला असता. खरं आहे. मेडिकेडसाठी, म्हणजे गरिबांच्या सरकारी आरोग्य विम्यासाठी, कामाची अट 2029 ऐवजी 2026 च्या अखेरीपासून लागू करायचं ठरलं, त्यात तुमचा वाटा मोठा आहे, हेही खरं. पण ती अट लागू होते ती मुख्यतः ज्या राज्यांनी मेडिकेडचा विस्तार केला तिथल्या प्रौढांना, आणि टेक्सासने तो विस्तार केलेलाच नाही. तुम्ही सर्वांत जास्त जोर लावलात तिथे आपल्या राज्याला काहीच सोसायचं नव्हतं. कठीण भाग दुसरा होता. सवलती चालू ठेवायच्या तर तेवढी कपात दाखवा, नाहीतर सवलती छोट्या करा, हे स्वतःच्या राष्ट्राध्यक्षाला आणि स्वतःच्या मतदाराला सांगणं. मला सांगायचं होतंत. मी ऐकलं असतं.

सिनेटने केलेल्या हिशेबाबद्दल तर तुम्ही सगळ्यांत मोठ्याने बोलायला हवं होतं. करसवलती आधीपासून चालूच आहेत, तेव्हा त्या पुढे चालू ठेवण्याचा खर्च शून्य, असं त्यांनी धरलं. सुमारे 3.8 ट्रिलियन डॉलर कागदावरून पुसले गेले. दुकानदाराने संपत आलेला भाडेकरार पुढच्या दहा वर्षांसाठी वाढवावा आणि भाडं तर आधीपासून देतोच आहोत म्हणून ते खर्चात धरूच नये, असा हा प्रकार आहे. ही सोय एकदा रूढ झाली की उद्या डेमोक्रॅट बहुमतात येतील तेव्हा तेही ती वापरतील. तात्पुरती योजना आणा, मुदत संपताना 'चालूच आहे' म्हणून फुकट वाढवा. तेव्हा तुम्ही कोणत्या तोंडाने हरकत घेणार? या कायद्यातल्याच टिप्सवरची, ओव्हरटाइमवरची आणि ज्येष्ठांची 6,000 डॉलरची वजावट 2028 अखेर संपते. ती वाढवताना हाच हिशेब पुढे येईल, याची मला खात्री आहे.

आमच्या मंडळींच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर या विधेयकातल्या एकाच कलमाची चर्चा महिनाभर चालली: भारतात घरी पाठवायच्या पैशांवरचा कर. सुरुवातीला 5 टक्के, मग हाऊसच्या मसुद्यात 3.5 टक्के, शेवटी 1 टक्का आणि तोही रोख रक्कम, मनी ऑर्डर किंवा तशाच मार्गाने पैसे पाठवले तरच. बँक खात्यातून पाठवणाऱ्यांना काही नाही. तेवढं कळलं आणि सगळे निवांत झाले. मला मात्र त्यांना सांगावंसं वाटतं की आपल्यावरचा खरा कर त्या कलमात नव्हताच. तो व्याजात आहे.

2024 च्या आर्थिक वर्षात केंद्र सरकारने सुमारे 880 अब्ज डॉलर निव्वळ व्याज भरलं. संरक्षणावरच्या खर्चापेक्षा जास्त. दिवसाला साधारण 2.4 अब्ज. या हिशेबाने 2019 मध्ये तुम्ही एकट्याने अडवलेली 19.1 अब्जांची रक्कम म्हणजे आठ दिवसांचं व्याज. जुलै 2025 मध्ये तुम्ही सगळ्यांनी परदेशी मदत आणि सार्वजनिक प्रसारण यांतून 9 अब्ज कापलेत आणि मोठी काटकसर म्हणून मिरवलंत. ते चार दिवसांचंही व्याज नव्हतं. या व्याजातून एक रस्ता होत नाही, एक जवान भरती होत नाही, एका म्हाताऱ्याचं औषध येत नाही. जानेवारी 2019 मध्ये तुम्ही शपथ घेतलीत तेव्हा कर्ज सुमारे 22 ट्रिलियन होतं. ऑक्टोबर 2025 मध्ये ते 38 च्या पुढे गेलं. यातलं बरंचसं तुमच्या विरोधाला न जुमानता वाढलं, हे मी प्रामाणिकपणे मान्य करतो. तुमची नकाराची मतं खरी होती. पण ती बहुतेक अशा वेळी पडली की तुमच्या मताविना काही अडणार नव्हतं. 22 मे 2025 ला अडणार होतं.

ऑगस्ट 2025 मध्ये तुम्ही टेक्सासच्या अ‍ॅटर्नी जनरलपदासाठी, म्हणजे राज्याच्या प्रमुख कायदा अधिकाऱ्याच्या पदासाठी, उमेदवारी जाहीर केलीत. पुढे तुम्ही कुठेही असा, काँग्रेसमधली तुमची ही मुदत जानेवारी 2027 पर्यंत आहे आणि रूल्स समितीतली जागा हे साधं पद नाही. तेव्हा माझ्या मागण्या सरळ आहेत. कर किंवा खर्चाचं कोणतंही विधेयक सभागृहात येताना त्याची किंमत सध्याच्या कायद्यानुसारच, मुदत संपते ती संपते असं धरूनच काढली जाईल, असा नियमबदल तुमच्या नावाने मांडा. पक्षाने अडवला तरी मांडा, म्हणजे कोण विरोधात आहे ते नोंदीत राहील. 2028 मध्ये संपणाऱ्या वजावटी भरपाईशिवाय वाढवायला तुमचा विरोध आहे, हे आत्ताच लेखी जाहीर करा. आणि 2 जुलैची पहाट ते 3 जुलैची दुपार या वेळात तुमचं मत कशामुळे बदललं, कोणी कोणतं आश्वासन दिलं आणि त्यातलं किती पाळलं गेलं, ते तारखांसकट आम्हा मतदारांसमोर ठेवा. इंग्रजीत ठेवलंत तरी चालेल. त्याचं मराठी करून इथल्या घराघरांत पोचवायचं काम मी करीन.

आपला,
21व्या मतदारसंघातला एक मतदार