फोटोच्या पाठीवरची नावे

संपादक महोदय,

ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीचे पाणी आमच्या बडोद्यातल्या समा भागातल्या तळमजल्यावर शिरले, तेव्हा गॅसची बाटली, गाद्या आणि तांदळाचा डबा आम्ही वर नेला. पलंगाखालची ट्रंक विसरलो. माझी १९७२ ते १९७५ ही कॉलेजची तीन वर्षे त्या ट्रंकेत होती. पाणी ओसरल्यावर पाहिले तर फोटो एकमेकांना चिकटून त्यांची वीट झालेली. सुनेने ते परातीत स्वच्छ गार पाण्यात भिजवले, एकेक अलगद सोडवला आणि चिमटे लावून गॅलरीतल्या दोरीवर वाळत घातला. बरेचसे वाचले. पाठीवर शाईने लिहिलेली नावे मात्र धुऊन गेली. एकाच फोटोवर कुणीतरी, बहुधा पेनातली शाई संपली म्हणून, पेन्सिलीने लिहिले होते. ती सोळा नावे जशीच्या तशी राहिली.

हे सांगायचे कारण असे की, महाराजा सयाजीराव विद्यापीठातल्या दिवसांचे एक ऑनलाइन दालन उभे करायचे आमच्या जुन्या विद्यार्थ्यांच्या गटात घाटते आहे. उत्साह दांडगा आहे. पण आतापर्यंत आलेल्या फोटोंत निम्मे आर्ट्सच्या इमारतीवरच्या घुमटाचे! मूळचे बडोदा कॉलेज १८८१ चे, त्यातून झालेले विद्यापीठ १९४९ चे. घुमट आपल्या सगळ्यांना पुरून उरणार आहे. त्याच्या सावलीत पायरीवर डबे उघडून बसलेल्या मुली कोण, हे सांगणारी माणसे मात्र आता सत्तरीपुढची. म्हणून स्कॅन करणाऱ्यांना माझी विनंती, फोटोची मागची बाजूही स्कॅन करा. ती कोरी असेल तर आजच कुणालातरी फोन करून विचारा, आणि पेन्सिलीने लिहा.

फुटकळ कागदही टाकू नका. वसतिगृहाच्या मेसचे बिल कोण जपतो? पण डिसेंबर १९७३ मध्ये अहमदाबादच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात मेसचे बिल वाढले म्हणूनच मुले उठली, त्यातून महागाई आणि भ्रष्टाचाराविरुद्धचे नवनिर्माण आंदोलन पेटले आणि ९ फेब्रुवारी १९७४ ला गुजरातचे मुख्यमंत्री चिमणभाई पटेलांना राजीनामा द्यावा लागला. त्या दिवसांत वडिलांनी माझ्या सायकलला कुलूप घालून किल्ली स्वतःच्या कोटात ठेवली होती. दांडिया बाजारातून काळा घोडा चौक, मग पूल ओलांडून कॉलेज, ही माझी रोजची वाट तेव्हा बंद झाली. ती किल्लीसुद्धा दालनात ठेवण्याजोगी होती, असे मला वाटते.

दुसरे भाषेचे. विद्यापीठ पहिल्यापासून इंग्रजी माध्यमाचे, त्यामुळे आठवणींचा फॉर्मही इंग्रजीतच झाला. माझी धाकटी जाऊ होम सायन्सची. फॉर्म पाहून म्हणाली, “वहिनी, ह्या चौकोनांत माझं काही बसत नाही हो.” आणि मग कमाटीबागेतल्या छोट्या आगगाडीत बसायला प्रॅक्टिकल कसे बुडवले, ते वीस मिनिटे सांगत बसली. मी मोबाइल समोर ठेवून ते टिपून घेतले. मराठीत, मधूनमधून गुजराती, जशी ती बोलते तसे. आवाज चालेल, असे फॉर्मवर ठळक लिहा.

आठवणी जुळत नाहीत म्हणून गटात रोज भांडणे होतात. एक म्हणते, सहल पावागडला गेली. दुसरी म्हणते, डभोईला. आपल्याच प्राच्यविद्या मंदिराने हस्तलिखिते ताडून रामायणाची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली, तिथे पाठभेद तळटिपांत ठेवले. आपणही दोन्ही सहली ठेवू, कोण काय म्हणाले ते लिहून. (मला विचाराल तर डभोई. डबा माझ्याकडे होता.)

आता माझे स्वतःचे काम. पेन्सिलीच्या त्या फोटोत नावे सोळा असली तरी माथी सतरा आहेत. मागच्या रांगेत उजवीकडून दुसरी, दोन वेण्या, हातात मिटलेली छत्री. ही कोण, ते उरलेल्या नऊ जणींपैकी एकीलाही सांगता येत नाही. फोटो दालनात येईलच. तोवर कुणाच्या आईची, आत्याची किंवा आजीची अशी छत्री घरात ऐकिवात असेल, तर आपल्या पत्रव्यवहाराच्या सदरातून कळवावे.

आपली,
आर्ट्सची एक जुनी विद्यार्थिनी
समा, बडोदे