क्लिंटन यांचे मोठेपण गव्हर्नरपदापुरते नाही

अमेरिकेच्या न्यूयॉर्क राज्यात हडसन नदी आणि एरी सरोवराला जोडणाऱ्या एरी कालव्याच्या द्विशताब्दीनिमित्त आपल्या रविवार पुरवणीत आलेला लेख वाचला. लेख माहितीपूर्ण आहे. मात्र डेविट क्लिंटन यांना त्यात केवळ ‘कालवा बांधणारे गव्हर्नर’ म्हणून दाखवले आहे, ते पटत नाही. कालव्याला मंजुरी देणारा कायदा एप्रिल १८१७ चा आणि क्लिंटन न्यूयॉर्कचे गव्हर्नर झाले ते जुलैमध्ये. त्याआधी राज्य विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांत त्यांनी काम केले होते आणि १८१० पासून ते कालव्याचे काम पाहणाऱ्या राज्याच्या कालवा आयोगावर होते. मार्च १८१७ मध्ये अध्यक्ष मॅडिसन यांनी अशा कामांना केंद्राचा निधी देणारे विधेयक नाकारले. तेव्हा राज्याने स्वतः कर्ज काढून ३६३ मैलांचा कालवा खोदावा, हे आमदारांच्या गळी उतरवणे हेच खरे अवघड काम होते. ते वर्षानुवर्षांच्या चिकाटीने झाले, गव्हर्नरच्या एका सहीने नव्हे.

लेखात १८२४ चा प्रसंगही नाही, याचे वाईट वाटले. विरोधकांनी विधिमंडळातील बहुमताच्या जोरावर क्लिंटन यांना आयोगावरून काढले. या पदाचे ते वेतनही घेत नव्हते! लोक इतके संतापले की त्याच वर्षी त्यांनी क्लिंटन यांना पुन्हा गव्हर्नरपदी निवडून दिले. त्यामुळेच ऑक्टोबर १८२५ मध्ये कालवा पूर्ण झाला तेव्हा बफेलोहून निघालेल्या पहिल्या बोटीवर ते गव्हर्नर म्हणून उभे होते.

– एक वाचक, सातारा