एसीची वायरिंग आणि पहिली सुरुवात: आई-बाबांना पत्र

तीर्थरूप आई-बाबांना,
सा. न. वि. वि.

एसीचे दोन्ही खोके घरी आल्याचे आणि बसवणारा मेकॅनिक येत्या आठवड्यात येणार असल्याचे कळले. बाबा, तुम्ही विचारले आहे की गीझरची वायर त्याच भिंतीतून जाते, तर तिच्यावरूनच एसीला वीज का घेऊ नये. आई, तू विचारले आहेस की मेकॅनिक दोन तासांत काम उरकतो म्हणतो, तर मी अर्धा दिवस राखून ठेवायला का सांगते आहे. दोन्ही प्रश्नांना माझे उत्तर एकच आहे: एसी किती वर्षे आणि किती सुरक्षित चालणार, हे बटण दाबण्याआधी झालेल्या कामावर ठरते, आणि ते काम भिंतीत, झाकणाखाली व नळीच्या आत होत असल्यामुळे नंतर कोणालाही दिसत नाही. फोनवर सांगितलेले ऐन वेळी आठवत नाही, म्हणून सविस्तर लिहिते आहे. काम चालू असताना हे पत्र हाताशी ठेवा.

आधी गीझरचे. बाबा, तुमचा हिशेब आकड्यांपुरता बरोबर आहे. दोन किलोवॅटचा गीझर 230 व्होल्टवर पावणेनऊ अँपिअरच्या आसपास प्रवाह घेतो आणि दीड टनाचा एसी, खोलीतली सुमारे 5.2 किलोवॅट उष्णता बाहेर टाकण्यासाठी, साधारण 7 ते 8 अँपिअर घेतो. म्हणजे एसीची भूक गीझरपेक्षा थोडी कमीच आहे. फरक वेळेचा आहे. गीझर पंधरा-वीस मिनिटांत पाणी तापवून स्वतःहून बंद होतो, म्हणजे वायरीवर भार थोडाच वेळ राहतो. एसी मात्र उन्हाळ्याच्या रात्री सलग सात-आठ तास चालतो. शिवाय कोणी अंघोळीला गेले असताना एसीही चालू असेल, तर त्याच वायरीतून 16-17 अँपिअर वाहू लागतील आणि ती वायर एवढ्यासाठी टाकलेली नाही. म्हणून एसीसाठी मुख्य बोर्डापासून थेट स्वतंत्र वायर हवी, ती तांब्याची व 4 चौरस मिलिमीटर जाडीची असावी, आणि वाटेत तिच्यावरून दुसरे काहीही घेतलेले नसावे. पातळ वायरीने व्होल्टेजही पडते. बोर्डापासून 20 मीटर अंतरावर दीड चौरस मिलिमीटरची वायर नेली, तर जाण्या-येण्याच्या 40 मीटरमध्ये जवळजवळ अर्ध्या ओहमचा रोध (विजेच्या वाटेतला अडथळा) होतो. जुन्या, एकाच वेगाने फिरणाऱ्या कॉम्प्रेसरला सुरू होताना क्षणभर चालू प्रवाहाच्या पाच-सहा पट प्रवाह लागे, आणि अशा वायरीत त्या क्षणी वीसेक व्होल्ट वाटेतच संपत. आपला एसी इन्व्हर्टरचा असल्यामुळे तो हळूहळू वेग घेतो, हे खरे. पण म्हणून वायर बारीक चालेल असे कोणी म्हणाले, तर ऐकू नका.

आता ज्या गोष्टीची मला खरी धास्ती आहे तिच्याकडे येते. वायर उत्तम असली तरी ती जिथे पेचाखाली बसते, तो जोड सैल राहिला तर सगळे व्यर्थ आहे. तारेतली उष्णता रोधाच्या आणि प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, हे जेम्स जूल यांनी 1841 मध्ये मांडले होते. तोच नियम आपल्या बोर्डाला लावून पाहा. नीट आवळलेल्या जोडाचा रोध पाच हजारांश ओहम धरला, तर 8 अँपिअर प्रवाहात तिथे वॅटच्या एक तृतीयांशाइतकीच उष्णता होते आणि ती कोणाला जाणवतही नाही. तोच जोड सैल राहून रोध अर्ध्या ओहमवर गेला, तर तेवढ्याच प्रवाहात 32 वॅट उष्णता वाटाण्याएवढ्या जागेत कोंडते. तापल्याने तांबे काळे पडते, काळे पडल्याने रोध आणखी वाढतो, तो वाढला की उष्णताही वाढते, आणि काही महिन्यांनी आवरणाचे प्लास्टिक वितळल्याचा वास येतो. यात लक्षात घेण्याजोगे हे, की एवढे होऊनही एमसीबी (प्रवाह फार वाढला की आपोआप वीज तोडणारा खटका) पडत नाही, कारण त्याच्या दृष्टीने प्रवाह अजूनही आठच अँपिअर आहे; आरसीसीबीलाही (वीज गळू लागली की ती तोडणाऱ्या खटक्यालाही) काही कळत नाही, कारण वीज कुठे गळतच नाही. सैल जोड ओळखणारे उपकरण आपल्या बोर्डात नाही. तो फक्त पेचकस धरणाऱ्या हातालाच ओळखता येतो.

म्हणून बाबा, प्रत्येक टोकाला तारांचा पीळ नुसता पेचाखाली न सरकवता त्यावर लग किंवा फेरूल (तारेच्या टोकावर दाबून बसवायची धातूची टोपी) दाबून मग पेच आवळला जातो आहे ना, हे पाहा, आणि आवळल्यावर प्रत्येक वायर हाताने ओढून पाहायला सांगा. अर्थात बोर्डाचा मुख्य स्विच बंद असतानाच. भिंतीच्या आत मध्येच कुठे जोड देऊन त्यावर टेप गुंडाळायचा आग्रह झाला तर स्पष्ट नकार द्या. प्लग-सॉकेटपेक्षा आयसोलेटर (वीज पूर्ण तोडणारा स्विच) किंवा एमसीबीला थेट जोडणी मला अधिक पसंत आहे. एक्स्टेन्शन बोर्डाचा तर विचारही नको.

एमसीबी किती अँपिअरचा, हे एसीसोबत आलेल्या पुस्तिकेत छापलेले असते आणि शेवटी तोच आकडा खरा. 4 चौरस मिलिमीटरच्या वायरीवर बहुधा 16 किंवा 20 अँपिअरचा, सी प्रकारचा एमसीबी बसतो. सी प्रकार म्हणजे आकड्याच्या पाच ते दहा पट प्रवाह क्षणात आला तर तत्काळ पडणारा. सुरू होतानाच्या छोट्या उसळीला तो निमूट जाऊ देतो. पुढे कधी एमसीबी वारंवार पडू लागला आणि कोणी 32 अँपिअरचा बसवून देतो म्हणाले, तर तो रोग बरा करत नसून ताप मोजणारा थर्मामीटर फोडतो आहे असे समजा. एमसीबी वायरीचे रक्षण करतो, माणसाचे नाही. माणसासाठी 30 मिलीअँपिअरचा आरसीसीबी लागतो आणि तो आपल्या बोर्डात नसेल तर याच कामात बसवून घ्यावा.

आरसीसीबी असला तरी अर्थिंग हवेच. घर जुने असले की सॉकेटला तिसरे भोक असते, पण त्यामागे हिरवी वायर कुठेच पोहोचलेली नसते, असे पुष्कळदा आढळते. वायरमनला मल्टीमीटरने तीन मापे घ्यायला सांगा: फेज आणि न्यूट्रलमध्ये 230 च्या आसपास, फेज आणि अर्थमध्ये जवळजवळ तेवढेच, आणि न्यूट्रल व अर्थमध्ये दोन-तीन व्होल्टच. दुसरे माप पहिल्यापेक्षा बरेच कमी आले, तर अर्थिंग नावापुरते आहे. मात्र तिसरे माप अगदी शून्य आले तर आनंद मानू नका; काही जण सॉकेटमध्येच न्यूट्रलवरून तार घेऊन अर्थच्या पिनेला जोडतात आणि मापे सुरेख दाखवतात. अशा घरात न्यूट्रल कधी तुटला, तर एसीचे अख्खे धातूचे अंग फेजला जोडल्यासारखे होते. तसे शून्य दिसल्यास सॉकेट उघडून दाखवायला सांगा. आई, ही तिन्ही मापे तू तुझ्या वहीत टिपून ठेव. पुढच्या दुरुस्तीच्या वेळी ती फार उपयोगी पडतील.

घरातले आणि बाहेरचे युनिट यांना जोडणाऱ्या वायरींच्या टोकांना आकडे किंवा अक्षरे दिलेली असतात, आणि इकडचा एक तिकडच्या एकालाच, दोन दोनालाच गेला पाहिजे. इन्व्हर्टर एसीत यातल्या एका तारेवरून दोन्ही युनिटे एकमेकांशी संकेतांनी बोलतात. तारा उलटसुलट झाल्या, तर नशीब बरे असल्यास नुसता त्रुटीचा संकेतांक दिसतो आणि नसल्यास इलेक्ट्रॉनिक बोर्ड जळतो. बाबा, इथे एक विनंती आहे. घरातली विजेची कामे तुम्ही आयुष्यभर स्वतः केलीत, पण बाहेरच्या युनिटचे झाकण तुम्ही उघडू नका. त्यातली मोठी कपॅसिटर (वीज साठवून ठेवणारे भाग) सव्वातीनशे व्होल्टपर्यंत भरलेली असतात आणि वीज बंद केल्यावरही काही मिनिटे तशीच भरलेली राहू शकतात; खटका पाडला म्हणून आत हात घालणे गीझरला चालते, इथे चालत नाही.

वायरिंगनंतर नळ्यांचे काम, आणि आई, तुझ्या दोन तासांच्या प्रश्नाचे उत्तर इथे आहे. तांब्याच्या नळ्या जोडल्यावर त्यांत खोलीतली हवा आणि हवेतला ओलावा अडकलेला असतो. हवा राहिली तर दाब वाढून वीज जास्त लागते. ओलावा राहिला तर कॉम्प्रेसरमधले तेल तो शोषून घेते, हळूहळू आम्ले तयार होतात आणि ती मोटरच्या गुंडाळीवरचे आवरण खातात. तो कॉम्प्रेसर दोन-तीन वर्षांनी जळतो, तेव्हा दोष विजेला दिला जातो. म्हणून आधी कोरडा नायट्रोजन भरून गळती तपासायची असते आणि त्यानंतर व्हॅक्यूम पंप लावून नळ्या रिकाम्या करायच्या असतात. नायट्रोजनच्या जागी ऑक्सिजन कधीही वापरू देऊ नका, कारण दाबाखालचा ऑक्सिजन आणि तेल एकत्र आले की स्फोट होऊ शकतो. हा दाब मायक्रॉनमध्ये मोजतात; बाहेरच्या हवेचा दाब सुमारे 7,60,000 मायक्रॉन असतो. पंपाने तो 500 मायक्रॉनच्या खाली उतरवायचा, पंप बंद करून व्हॉल्व्ह मिटायचा आणि काही मिनिटे आकडा तिथेच टिकतो का ते पाहायचे. आकडा वर चढून एका ठिकाणी थांबला तर आत अजून ओलावा आहे. चढतच राहिला तर कुठेतरी गळती आहे. हे सगळे नीट करायला तास-दीड तास सहज लागतो आणि नेमके हेच काम घाईत गाळले जाते. पंप आणलाच नाही, थोडा गॅस सोडून हवा ढकलून देतो, असे कोणी म्हणाल्यास त्याला चहा देऊन परत पाठवा. आपल्या एसीत आर-32 हा गॅस आहे. तो सौम्य का होईना, पण पेट घेणारा आहे, आणि तो असा खोलीजवळ सोडण्याची गोष्टच नाही.

व्हॅक्यूम टिकल्यावर बाहेरच्या युनिटचे दोन्ही व्हॉल्व्ह पूर्ण उघडायचे आणि मगच वीज द्यायची. व्हॅक्यूम असताना कॉम्प्रेसर चुकूनही फिरता कामा नये, कारण विरळ पोकळीत विजेची ठिणगी सहज उडते आणि गुंडाळी तिथल्या तिथे खराब होते. एमसीबी वर केल्यावर रिमोटने कूल मोड निवडून सगळ्यात कमी तापमान लावावे. बाहेरचा पंखा आणि कॉम्प्रेसर लगेच फिरले नाहीत तर घाबरू नका. दोन्ही बाजूंचे दाब सारखे व्हावेत म्हणून एसी स्वतःच तीनेक मिनिटे थांबतो, आणि याच कारणाने पुढेही तो बंद करून लगेच चालू करायचा खेळ करू नये. पंधरा-वीस मिनिटे चालल्यावर एसीत शिरणारी आणि त्यातून निघणारी हवा यांच्या तापमानात साधारण 8 ते 12 अंशांचा फरक पडला पाहिजे. क्लॅम्प मीटरने (वायरीभोवती चिमटा लावून प्रवाह मोजणाऱ्या यंत्राने) मोजलेला प्रवाह बाहेरच्या युनिटच्या पट्टीवर छापलेल्या आकड्यापेक्षा जास्त नसावा. आतल्या ट्रेमध्ये बाटलीभर पाणी ओतून ते ड्रेन पाइपातून बाहेर पडते का, हेही त्याच वेळी पाहावे. पाइपाचा उतार चुकल्याचे एरवी भिंत ओली झाल्यावर कळते. अर्ध्या तासाने एसी थांबवून एमसीबीच्या तोंडाशी हात न लावता, नुसता जवळ नेऊन ऊब जाणवते का ते बघा. किंचित कोमट चालेल, चटका जाणवता कामा नये.

आई, थंडीत हाच एसी खोली गरमही करेल. आत एक व्हॉल्व्ह गॅसची दिशा उलटवतो आणि बाहेरच्या हवेतली उष्णता घरात आणली जाते, त्यामुळे कॉइलच्या हीटरला जेवढी वीज लागते तिच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्श्यात तेवढीच ऊब मिळते. कडक थंडीत मध्येच आतला पंखा काही मिनिटे थांबून बाहेरच्या युनिटमधून वाफ निघताना दिसली, तर एसी बिघडलेला नसून बाहेर साचलेले दव-बर्फ वितळवतो आहे. त्या वेळी बंद करू नकोस.

झाकणे लावण्याआधी बोर्डाचा, दोन्ही युनिटांतल्या जोडांचा आणि व्हॅक्यूम मीटरवरच्या आकड्याचा असे फोटो मला पाठवा. मी ते पाहून कळवेपर्यंत मेकॅनिकला थांबवून घ्या. तो कुरकुरला तर मुलगी हट्टी आहे असे सांगा, ते खोटेही नाही.

तुमची मुलगी

ता. क. स्टॅबिलायझर घ्यावा का, हे राहिलेच. बाहेरच्या युनिटच्या पट्टीवर किंवा पुस्तिकेत व्होल्टेजची मर्यादा दिलेली असते. संध्याकाळी, सगळ्या घरांतले एसी चालू असताना, आपल्या बोर्डावरचे व्होल्टेज दोन-चार दिवस मोजून त्या मर्यादेशी ताडून पाहा. त्यात बसत असेल तर स्टॅबिलायझर नको. बसत नसेल तर आकडे मला कळवा, किती क्षमतेचा लागेल ते सांगते.