ग्राइंडर हातात घ्यायच्या आधी हे वाच

प्रिय दोस्ता,

तुझा मेसेज वाचला, फोटोही बघितले, आणि खरं सांगतो, फायरवॉलवर, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या भिंतीवर, कापायला म्हणून तू मार्करने मारलेली ती लाल रेघ बघून पोटात गोळाच आला. फोनच केला असता पण तू मध्येच तोडतोस, म्हणून लिहायलाच बसलो. आता शेवटपर्यंत वाच.

चार सिलिंडरच्या गाडीत टोयोटाचं टूजेझेड इंजिन बसवायचंय, ठीक आहे, इंजिन म्हणून त्याला नावं ठेवायला जागा नाही. तीन लिटर, लोखंडी ब्लॉक, कितीही पिळा. पण ते एका ओळीत सहा सिलिंडर आहे रे, 86 मिमीचे सहा बोअर एकामागे एक, म्हणजे नुसती भोकंच अर्ध्या मीटरच्या वर गेली, शिवाय मधल्या भिंती, पुढे पुल्या आणि बेल्ट, मागे गिअरबॉक्स. एवढी लांबी कुठूनतरी काढावीच लागणार, आणि तू ती थेट फायरवॉलमधून काढायला निघालायस. तिथे सगळ्यात शेवटी हात घालायचा असतो, आधी नाही.

माझ्या गाडीचं तुला अर्धवटच माहितीय, कारण लाजेने मी कुणाला सांगितलंच नाही. मीही असंच केलं होतं. इंजिन अजून जमिनीवर पडलेलं, माप दुसऱ्याच्या गाडीचं, आणि मी चार इंच पत्रा कापून मोकळा झालो. मग इंजिन चेन पुलीने खाली सोडलं तेव्हा कळलं की मागे अडकत होता तो हेडमागचा पाण्याचा पाइप, दोन बोल्ट काढून त्याचं तोंड फिरवलं की झालं असतं! चार इंचाचं भोक मात्र तसंच. त्याला ठिगळ लावलं, वेल्डिंग केलं, सीलर फासला, रंग मारला, दिसायला एकदम भारी. पहिल्याच पावसात डाव्या पायाचा मोजा ओला. वरून काहीच दिसेना, शेवटी रात्री लाइट बंद करून आत पेडलपाशी डोकं घालून पडलो आणि धाकट्या भावाला बाहेरून टॉर्च मारायला लावला, तेव्हा कोपऱ्यात सुईच्या टोकाएवढा उजेड दिसला. तेवढ्याशा भोकातून कार्पेटखालचा अख्खा फोम भिजला होता. आणि पाणी येतंय म्हणजे इंजिनचा धूरही येणार, हे डोक्यात आलं तेव्हा खरी टरकली.

फायरवॉल म्हणजे नुसता पत्रा नाही ना. त्यावर ब्रेक बूस्टर, वायपरची मोटर, आतून हीटरचा डबा, पेडलं, वायरिंगचा जुडगा, सगळं लटकलेलं असतं, एक गोष्ट सरकवली की पाच सरकतात. इंजिन मागे गेलं की गिअरबॉक्सही मागे जातो, मग गिअरचा दांडा भलत्याच जागी येतो, मागच्या चाकांकडे ताकद नेणारा प्रॉपेलर शाफ्ट छोटा करून बॅलन्स करून घ्यावा लागतो, आणि त्याच्या पुढच्या-मागच्या क्रॉस जॉइंटचे कोन सारखे नाही आले तर ठरावीक स्पीडला गाडी अशी थरथरते की तुला टायरवरच शंका येईल.

म्हणून आधी इंजिन उतरवून बघ. अख्खं नको, रिकामा ब्लॉक, वर हेड आणि मागे गिअरबॉक्सचं रिकामं कवर, एवढं पुरतं, हलकं असतं, दहा वेळा आत-बाहेर करता येतं. पुढे अडतंय? इंजिनचा पंखा काढून टाक, रेडिएटरच्या पुढच्या बाजूला पातळ इलेक्ट्रिक पंखा लाव, तिथेच बरीच जागा सुटते. खाली क्रॉसमेंबरला, म्हणजे आडव्या बीमला, लागतंय? ऑइल चेंबर बदल, याच इंजिनला पुढे खोल आणि मागे खोल असे दोन्ही प्रकारचे चेंबर मिळतात. वर लागतंय? मग बॉनेट काप की बिनधास्त, बॉनेट चार बोल्टांवर असतं, बिघडलं तर दुसरं लावशील. गिअरबॉक्सवरच्या टनेलला, म्हणजे केबिनमधल्या मधल्या उंचवट्याला, हातोड्याने थोडी जागा करणंही चालतं, सगळेच करतात.

पण पुढच्या दोन लांब बीमना आणि शॉकॲब्सॉर्बरच्या टॉवरला हात लावू नकोस. टक्कर झाली की तो मार बीमवरच जिरायचा असतो, आणि नव्या गाड्यांत तो पत्रा जास्त ताकदीचा असतो, वेल्डिंगच्या उष्णतेने तिथेच कमजोर पडतो. यावर वाद घालायचा असेल तर समोरासमोर घालू.

अजून एक, गॅरेजमध्ये उभ्या गाडीत दिसणाऱ्या फटीवर भरवसा ठेवू नको. इंजिन रबराच्या माउंटिंगवर असतं, ॲक्सिलरेटर दाबला की एका बाजूला झुकतं. माझ्याकडे सायलेन्सरचा पाइप आणि स्टिअरिंगचा दांडा यात बोट जात होतं, मी खूश, आणि चढावर टुक टुक आवाज. खाली घुसून बघितलं तर दांड्यावर रुपयाएवढा चकचकीत घासलेला डाग. स्टिअरिंगवर, कळतंय ना!

एक विचारू, रागावू नकोस. इंजिन हेच का पाहिजे? लिटरवरून आकार कळत नाही. जनरल मोटर्सचं 5.7 लिटरचं एलएस1, व्ही8 म्हणजे व्ही आकारात आठ सिलिंडर, 1997 ला आलेलं, कॅमशाफ्ट (व्हॉल्व उघडणारा दांडा) ब्लॉकमध्ये असल्याने हेडं लहान, म्हणून फोर्डच्या हेडमध्ये चार कॅमवाल्या 4.6 लिटर व्ही8 पेक्षा ते अरुंद आहे. मॅझ्दा एमएक्स-5 सारख्या टीचभर गाडीत लोक ते बसवतात. लांबीला आखूड आहे, तुझी फायरवॉल कदाचित वाचेल. पण एका ओळीतल्या सहापेक्षा रुंद, म्हणून ते रुंदीला अडेल, स्टिअरिंगपाशी, फुकट काहीच नाही.

मुद्दाम वजन मागे घ्यायचंय, गाडी फक्त ट्रॅकवर पळवायचीय, तर काप, मी स्वतः पत्रा धरायला येईन. पण तू ती रोज चालवणार आहेस, वर्षातून एकदा तपासणीला नेणार आहेस, विमा काढणार आहेस, आणि कापलेल्या बॉडीबद्दल विमावाला विचारेल तेव्हा तुझ्याकडे काय उत्तर आहे ते मला अजून समजलेलं नाही.

आणि कापलंसच तर वेल्डिंगच्या आधी बॅटरी सोडव, ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, तोही काढ. जस्ताचा थर असलेला पत्रा आधी घासून घे, जळत्या जस्ताचा धूर छातीत गेला की रात्री ताप भरतो, मी भोगलाय.

आता एक काम कर, इंजिन आणि बॉनेटमध्ये किती फट राहते ते बघायला टॅपेट कव्हरवर, म्हणजे इंजिनच्या सगळ्यात वरच्या झाकणावर, चार ठिकाणी मऊ मातीचे गोळे ठेव, बॉनेट हळू लाव, परत उघड आणि गोळे किती मिमीचे उरले ते मोजून कळव. बॉनेट पूर्ण लावूनच, खटका बसेपर्यंत, तू अर्धवट टेकवून माप पाठवशील म्हणून सांगतोय.

तुझाच,
ओल्या मोज्याचा